मधली खोली गरम ठेवा

घरमालकीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जी बाई येते, ती मी नाही. नळ गळतोय म्हटलं की बहिरी होणारी, खिडकीची काच तडकली की भाडेकरूच्याच अंगावर धावून जाणारी. मी छत्तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होते. खाटेवरचा माणूस गारठलाय हे त्याने सांगायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे, या शिस्तीत माझं आयुष्य गेलं. त्यामुळे भाड्याच्या घरांचे नवे नियम आले, तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या मालकांनी नाकं मुरडली आणि मी नियमांची पुस्तिका आणून तिच्यात पेन्सिलीने खुणा करत बसले. भाड्याची खोली हिवाळ्यात अठरा अंशांपर्यंत गरम राहील अशी सोय मालकाने करायची. भिंती, छत, फरशी कोरडी ठेवायची. ओल दिसली तर तिचं मूळ शोधायचं, वरून नुसता रंग फासायचा नाही. यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? माणूस ठेवायचा तर नीट ठेवावा.

माझा भाडेकरू दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्य मापं पाठवतात आणि हा एका कारखान्यात बसून लोकांचे दात घासूनपुसून बसवतो. गल्लीत सगळे त्याला कवळीवाले म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पन्नाशीचा एकटा माणूस. इतका भिडस्त की याच्या पायावर कोणी पाय दिला तर हाच माफी मागेल.

घर म्हणाल तर तीन खोल्या एका ओळीत. रस्त्याकडची कवळीवाल्यांची, मागची स्वयंपाकघरासकट माझी, आणि मधली माझ्या धाकट्या बहिणीची. तिन्हींची दारं एकाच लांब व्हरांड्यात उघडतात. म्हणजे दोनच उघडतात. मधल्या खोलीला चार वर्षं कुलूप आहे.

नियम आले तसा मी कवळीवाल्यांच्या दाराबाहेर एक तक्ता टांगला, वॉर्डमध्ये खाटेच्या पायथ्याशी असायचा तसाच. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी आल्यावर त्याने खोलीतल्या थर्मामीटरचा आकडा त्यावर लिहायचा. शेजारी मी शेऱ्याची रिकामी जागा ठेवली होती, ती काही नियमात नव्हती. ‘१८. बाहेर धुकं.’ ‘१९. आज एका आजोबांनी हसून दाखवलं, बसली कवळी.’ तो गेला की मी चष्मा लावून वाचायची आणि लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. कित्येक दिवस असे जायचे की माझ्याशी कोणी बोललं असेल तर ते त्या तक्त्यावरच. तोंडाने बोलायला गेलं की आम्ही दोघंही अवघडायचो. तक्त्याला तोंड नव्हतं, ते बरं होतं.

यंदा थंडी पडली आणि एका सकाळी शेरा आला, ‘१८. उशाच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. तुमचा काही दोष नाही.’

माझा दोष नाही म्हणे! घर कोणाचं मग? मी त्याच दिवशी प्लंबर बोलावला. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि या भिंतीतून पाइपच जात नाही म्हणाला. छताचं काम करणारा वर चढला, दोन तास वर बसून बिडी ओढून खाली आला, छत ठणठणीत आहे म्हणाला. मग मी माझ्या डोक्याने चालले. ओल म्हणजे गारठा, गारठ्यावर औषध ऊब. माझ्या खोलीतला मोठा हीटर उचलला आणि कवळीवाल्यांच्या खोलीत नेऊन लावला. तक्त्यावर वीस आला, एकवीस आला. मी इकडे दोन स्वेटर घालून बसायची आणि तो एकवीस वाचून मला फार बरं वाटायचं.

आठवड्याभरात भिंतीवरून पाण्याचे ओघळ यायला लागले. त्याचा खुंटीवरचा कोट हिरवट झाला. ते त्याने तक्त्यावर लिहिलंसुद्धा नाही, मीच पाहिलं.

अशा वेळी शहाणा मालक काय करेल? गप्प बसेल. मी पुस्तिकेतलं शेवटचं पान काढलं, घरतपासणीच्या कार्यालयात फोन केला आणि माझ्याच घराची तक्रार मीच नोंदवली. पलीकडच्या बाईने दोनदा विचारलं, ‘तुम्ही मालकीण की भाडेकरू?’ मी म्हटलं, मालकीणच, आणि लवकर कोणीतरी पाठवा.

तपासनीस आली ती पोरसवदा मुलगी, पायात चिखलाचे बूट, हातात दोन सुया असलेलं एक यंत्र. भिंतीला सुया टोचून तिने आकडा पाहिला, मग खिडकीकडे पाहिलं.

‘ही खिडकी कधी उघडत नाही का?’

कवळीवाले खाली बघत म्हणाले, ‘पूर्वी उघडायचो. पण काकूंनी स्वतःचा हीटर आणून दिला, मग त्यांची ऊब बाहेर कशी घालवायची? म्हणून घट्ट लावून घेतली. कपडेपण आतच वाळत घालतो.’

मुलीने हसू दाबलं. ‘आणि या भिंतीच्या पलीकडे काय आहे?’

‘बहिणीची खोली,’ मी म्हटलं.

‘त्या राहतात का तिथे?’

‘सध्या नाही.’

‘बघू उघडून.’

‘किल्ली तिच्याकडे आहे.’

मुलीने मधल्या दाराला तळहात लावला, खालच्या फटीशी बसून हवा पाहिली आणि उठली. ‘मावशी, ही खोली म्हणजे बर्फाचं कपाट आहे. तुम्ही इकडे ऊब वाढवलीत, यांनी खिडकी लावली. माणसाच्या श्वासाची, ओल्या कपड्यांची, चहाची सगळी वाफ या गार भिंतीवर जाऊन बसते आणि तिचं पाणी होतं. भिंत आजारी नाही. तिची पाठ गारठलीये.’

तिने तिथेच पायरीवर बसून आदेश लिहिला. मधली खोली गरम ठेवा. तिच्यात हवा खेळती ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजणी होईल, तोवर भिंत सुकली नाही तर भाड्याची खोली राहण्यास अयोग्य ठरेल आणि भाडेकरूला हलावं लागेल.

‘अहो, मी स्वतः फोन करून बोलावलं तुम्हाला!’

‘म्हणून तर तीन आठवडे दिले, मावशी. नाहीतर दोनच असतात.’

आता बहिणीचं सांगायला हवं. सांगायची हौस नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आईवडील गेल्यावर या घरात आम्ही दोघी उरलो आणि एकतीस वर्षं राहिलो. मी दवाखान्यात, ती शाळेच्या ग्रंथालयात. दोघींनीही लग्न केलं नाही. का नाही, ते लोकांनी विचारायचं सोडलं तसं आम्हीही सोडलं. आणि मग वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी धाकटी एका संध्याकाळी चहा गाळताना म्हणाली, ‘ताई, मी लग्न करतेय.’ कोणाशी, तर पोस्टातून निवृत्त झालेल्या एका विधुराशी. शाळेत पुस्तकांची पार्सलं घेऊन यायचा तो. मी त्याचं नाव पोस्ट्या ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हातारचळ म्हटलं. लोक हसतील म्हटलं. ती नुसती चहा गाळत राहिली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला थांबता आलं असतं.

ती जायच्या आठवड्यात तिचं तोंड बघायचं नाही म्हणून मी मावसबहिणीकडे जाऊन चार दिवस ठाण मांडून बसले. परत आले तर घर बंद, माझ्या टेबलावर चिठ्ठी. ‘माझ्या खोलीला कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे आहे. जपून राहा.’

रागाच्या भरातही मला एक गोष्ट बरोबर समजली होती, किंवा तेव्हा तसं वाटलं. कायमचं जाणारी बाई किल्ली देऊन जाते. जी किल्ली नेते, तिला परत यायचं असतं. खिडकीला आतून तिचा निळा पडदा तसाच होता. सुरुवातीला तिचे फोन आले, ते मी उचलले नाहीत. येऊ दे की समोर, मग बघू, असं माझं चाललं होतं. मग फोन थांबले. मी मात्र दर रविवारी त्या खिडकीच्या काचा बाहेरून पुसत राहिले, आल्यावर तिला धूळ दिसायला नको म्हणून.

तर आता कायद्याने मला तिच्या दारात आणून उभं केलं. एक फोन करायचा, किल्ली मागायची. पाच मिनिटांचं काम. पहिला आठवडा मी ते केलं नाही. कवळीवाल्यांकडचा तोच मोठा हीटर व्हरांड्यात आणून तिच्या बंद दाराला टेकून लावून पाहिला, त्याने व्हरांड्यातलं मांजर तेवढं सुखावलं. दुसऱ्या आठवड्यात दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. आपण आधी वाकायचं, हे माझ्या हाडात नाही.

आणि मग तक्त्यावर हे आलं. ‘१७. काकू, कारखान्याजवळ एक खोली बघून ठेवलीय. माझ्यामुळे तुम्हाला ताप नको.’

मला भीती वाटली. सरळ सांगते. कवळीवाले माझे कोणी लागत नाहीत, महिन्यातून चार वाक्यंही आमच्यात होत नाहीत. पण संध्याकाळी साडेसहाला फाटकाची कडी वाजते, चपला काढल्याचा आवाज येतो, नळ सुटतो, आणि मला कळतं की या छपराखाली अजून कोणीतरी आहे. तो गेला की जो काही आवाज होईल तो माझाच असेल. कप ठेवल्याचा, खोकल्याचा. वॉर्डमध्ये मी अशी माणसं पाहिली होती, जी नर्सशी बोलायला मिळावं म्हणून न दुखणारी जागा दाखवायची. मला तसं व्हायचं नव्हतं.

संध्याकाळी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून त्याची वाट बघत बसले.

‘खोली नक्की केलीत का?’

‘नाही अजून, काकू. बोलून ठेवलंय फक्त.’

‘बरी आहे?’

‘कोरडी आहे,’ तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. ‘म्हणजे, आहे आपली. खिडकीसमोर भिंत आहे.’

‘मग कशाला जाताय तिथे?’

‘जायचंय असं नाही.’ त्याने चपला हातात घेतल्या, परत खाली ठेवल्या. ‘पण ती खोली तुमच्या बहिणीची. माझ्या भिंतीसाठी तुम्ही ती कशाला उघडायची?’

त्याला मी कधी काही सांगितलं नव्हतं. पण जो माणूस तीन हिवाळे शेजारच्या खोलीचं कुलूप बघत येतो-जातो, त्याला काय दिसत नसेल?

‘मालक कोण आहे या घराचा?’ मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

‘तुम्ही.’

‘मग कोणती खोली उघडायची ते मी ठरवेन. ते बोलणं मोडून टाका.’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चौकातल्या कुलूपवाल्याला घेऊन आले. फोन केलाच नाही. कुलूप फोडेन पण तिच्यापुढे हात पसरणार नाही, असा माझा बेत होता. आल्यावर भांडायला एक कारणही मिळेल तिला, असंही मनात होतं. तिच्या पलंगावर टाकायला मी धुतलेली चादर काढून ठेवली होती, दार उघडलंच आहे तर बदलून टाकू म्हणून.

कुलूपवाल्याला मोजून दोन मिनिटं लागली. त्याने दार ढकललं, आत डोकावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाई, सामान जपून काढा म्हणालात. कुठलं सामान?’

खोली रिकामी होती. पलंग नाही, टेबल नाही, पुस्तकांची मांडणी नाही. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग होते, भिंतीत खिळे होते, आणि कवळीवाल्यांच्या बाजूची भिंत खालपासून वरपर्यंत काळी पडली होती. खिडकीला तो निळा पडदा. तेवढा एक ठेवला होता.

कुलूपवाला गेला. मी हातात चादर घेऊन उभी राहिले.

पुढचं सगळं रीतसर झालं, ते आधीच सांगून टाकते. भिंत मी औषध घालून घासली, खिडकी उघडली, तिथे हीटर लावला. कवळीवाल्यांनीही त्यांची खिडकी सकाळ-संध्याकाळ उघडायला सुरुवात केली. पाच-सहा दिवसांत ओल ओसरली. तपासनीस मुलगी आली, सुया टोचल्या, खूश होऊन गेली. कवळीवाले राहिले. पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्या दुपारी मी नुसती पेटले होते. तिथेच रिकाम्या खोलीत उभं राहून मी नंबर लावला, आणि या वेळी कापला नाही.

‘ताई?’ तिने पहिल्याच रिंगला उचलला.

चार वर्षांनी आवाज ऐकला की माणूस काय काय बोलेल असं वाटतं. मी म्हटलं, ‘खोलीत काही नाही.’

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘मी कुलूप फोडलं. आत काहीच नाही.’

‘हो. मी सगळं तेव्हाच आणलं होतं. तू मावसबहिणीकडे होतीस ना, तेव्हा टेम्पो करून.’

‘मग कुलूप कशाला लावलंस? रिकाम्या खोलीला कोण कुलूप लावतं? किल्ली कशाला नेलीस?’ माझा आवाज त्या खोलीत घुमत होता, मलाच परत ऐकू येत होता.

‘तू घरी येशील आणि एकदम रिकामी खोली बघशील, ते मला नको होतं,’ ती म्हणाली. ‘पडदा त्यासाठीच ठेवला. म्हटलं, महिना-दोन महिन्यांत तुझा राग उतरेल, तू फोन उचलशील, मग मी येऊन सांगेन आणि दोघी मिळून उघडू. तू फोन उचललाच नाहीस गं.’

मला तिच्यावर ओरडायचं होतं. चार वर्षं मी काचा पुसल्या, हे सांगायचं होतं.

‘आता का फोडलंस?’ तिने विचारलं.

मग मी ओलीचं सांगितलं. भाडेकरू, काळे ठिपके, तपासनीस, आदेश. मला वाटतं आम्ही दोघीही सुटल्यासारख्या झालो. ओलीबद्दल बोलणं सोपं होतं. ती मधेमधे हं, हं म्हणत होती, पूर्वी जेवताना मी वॉर्डमधलं काही सांगायला लागले की म्हणायची तसंच.

‘म्हणजे आता ही खोली गरम ठेवावी लागेल,’ मी म्हटलं. ‘कायद्यानेच. सकाळ-संध्याकाळ हीटर. तर मी काय म्हणते, नाहीतरी खोली गरमच राहणार आहे. कधी आलीस तर...’

‘नको, ताई.’ तिने हळूच, पण लगेच म्हटलं. ‘येईन असं मी म्हणणार नाही. म्हटलं की तू परत खोली राखून ठेवशील. भेटायला येईन. दुपारी येईन, चहा घेईन आणि संध्याकाळी घरी जाईन.’

घरी. तो शब्द तिने सहज वापरला, मला टोचायला नाही. म्हणूनच जास्त लागला.

‘घर कसं आहे तुझं?’ मी विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ‘भाड्याचं आहे ना? मालक हीटरबिटर देतो की नाही?’

ती जरा हसली. ‘मालक तुझ्यासारखा नाही. छोटं आहे, गार पडतं. खरं सांगू, ओलपण आहे. कपाटाच्या मागे.’

‘मग तक्रार कर. पत्ता देते मी कार्यालयाचा. अठरा अंश ठेवायला बांधील आहे तो! आणि तू तसल्या ओलीत राहतेस, तुझी छाती मुळात नाजूक, आणि इथे माझ्याकडे अख्खी खोली...’

‘ताई,’ ती म्हणाली, ‘ओल आहे, पण आम्ही दोघं आहोत.’

पलीकडून कोणीतरी तिला काही विचारल्याचा आवाज आला, पुरुषाचा, आणि ती फोनवर हात ठेवून त्याला म्हणाली, ‘ताईचा आहे.’ त्याला आनंद झालेला मला ऐकू आला.

मी चादरीची घडी घातली. एकटीला मोठी चादर नीट घडी होत नाही, टोकं जुळत नाहीत. ती मी तशीच खिडकीत ठेवली.

‘ऐक,’ मी म्हटलं. ‘ते कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, मागे हवा जाऊ दे. आणि एकटी ओढू नकोस, कंबर धरेल. दुसऱ्या बाजूने त्यांना धरायला सांग.’